जाड म्हणजे ठळक नव्हे

आशय महत्त्वाचा, अक्षरांचे काय एवढे घेऊन बसलात, असे म्हणण्याची आपल्या साहित्यव्यवहारात एक प्रतिष्ठित रीत आहे. ही रीत पाळणारे संपादक एका अनुस्वारासाठी लेखकाशी पत्रव्यवहार करतील, ऱ्हस्वदीर्घावरून मुद्रितशोधकाला धारेवर धरतील; पण त्यांच्याच नियतकालिकाच्या मथळ्यात ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक मिटून गेला, तर तो छापखान्याचा प्रश्न आहे असे म्हणून मोकळे होतील. आमचे म्हणणे असे की, हा छापखान्याचा प्रश्न नाही. पाठाचा प्रश्न आहे. आणि तो निर्माण करणारी गोष्ट म्हणजे मराठीत सर्रास खपवून घेतले जाणारे खोटे ठळक अक्षर.

खोटे म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. संगणकावर मजकूर निवडून ‘बी’चे बटण दाबले की दोनपैकी एक गोष्ट घडते. वापरात असलेल्या टंकाच्या, म्हणजे फाँटच्या कुळात ठळक वजनाचा स्वतंत्र टंक असेल, तर साध्या अक्षराच्या जागी ते अक्षर येते. तसा टंक नसेल, तर संगणक ‘नाही’ म्हणत नाही. तो साध्या अक्षराची बाह्यरेषा सर्व बाजूंनी फुगवतो, किंवा तेच अक्षर किंचित सरकवून त्याच्यावर पुन्हा उमटवतो. पहिले ठळक अक्षर कुणीतरी रेखाटलेले असते. दुसऱ्याला आम्ही फुगवटा म्हणतो. दोन्हींचे बटण एकच असल्यामुळे आपण काय वापरले, हे वापरणाऱ्याला कळतही नाही.

रोमन लिपीतही हा फुगवटा कुरूपच दिसतो, मग देवनागरीचेच एवढे दुःख कशाला, असे कुणी विचारील. उत्तर असे की, रोमन लिपीजवळ जोर देण्याची साधने अनेक आहेत. तिच्याजवळ मोठी आणि लहान अक्षरे आहेत, ग्रंथनामांसाठी तिरपी अक्षरे आहेत, मोठ्याच अक्षरांची छोटी आवृत्ती आहे आणि त्यांवर ठळक अक्षर आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. तिरप्या अक्षराची स्वतंत्र परंपरा नाही. जे तिरपे दिसते ते बहुधा सरळ अक्षर ढकलून तिरके केलेले असते. म्हणजे मराठी पानावर शब्द वेगळा काढून दाखवायचा, तर आकार, अवतरणचिन्हे आणि ठळक ठसा एवढीच सामग्री उरते. जिथे चार खांबांपैकी एक खचला तर इमारत उभी राहते, तिथे एकाच खांबावरचे छप्पर मात्र कोसळते.

कोशांचेच उदाहरण घ्या. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात मूळ शब्द देवनागरीत आणि अर्थ रोमनमध्ये. दोन लिपींमुळेच डोळ्याला शब्द सापडतो. मराठी–मराठी कोशाला ही सोय नाही. तिथे शब्द, व्युत्पत्ती, अर्थ आणि उदाहरण सगळे एकाच लिपीत असते, आणि मूळ शब्द शोधणाऱ्या डोळ्याला मुख्य आधार ठळक ठशाचाच. टीपा असलेला शोधप्रबंध, पाठभेद नोंदवणारी संपादित संहिता, ओवी आणि तिचे निरूपण शेजारी छापणारे पाठ्यपुस्तक, या सर्वांची हीच स्थिती आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ठळक अक्षर शोभेसाठी लागत नाही; ते त्याचे व्याकरणच आहे.

आता फुगवट्याने प्रत्यक्षात काय बिघडते ते पाहू. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांमधला भेद मुख्यत्वे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, शिरोरेषेतल्या एका लहानशा खंडात आणि तिथल्या वळणात असतो. रेषा सर्व बाजूंनी फुगली की पहिला बळी या खंडाचा जातो. मग ‘भान’चे ‘मान’ होते, ‘धाव’चा ‘घाव’ होतो. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा एकत्र भरून आली की ‘ब’ आणि ‘व’ सारखेच काळे ठिपके दिसतात. समीक्षेच्या नियतकालिकात ‘वाद’ आणि ‘बाद’ यांतला फरक पुसट व्हावा, यात काही वाचकांना काव्यगत न्याय दिसेल. आम्हाला दिसत नाही. ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’, ‘द्ध’, ‘ह्य’ यांसारख्या जोडाक्षरांत तर दोन-तीन व्यंजने एका व्यंजनाच्या जागेत दाटीने बसलेली असतात. तिथे फुगवट्याला जागाच नसते. वेलांटी, रफार आणि अनुस्वार एका अक्षराच्या डोक्यावर आले की टिंब वेलांटीत विरघळते. १९६२ च्या लेखननियमांआधीचे गद्य जसेच्या तसे छापणाऱ्या संपादकाने हे विशेष लक्षात घ्यावे. त्या गद्यातले ‘तें’ आणि ‘ते’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांच्यात अंतर एका टिंबाचे आहे.

दुसरे नुकसान वळणाचे. देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले. रेघ एका दिशेने जाताना जाड, दुसऱ्या दिशेने जाताना बारीक. या चढउतारातच अक्षराची लय असते. समजा, एखाद्या अक्षरात बारीक रेघ ४० एककांची आणि जाड रेघ ८० एककांची आहे. संगणकाने दोन्हींत सारखीच ३० एकके घातली, तर ती ७० आणि ११० होतील. एकास दोन हे प्रमाण सातास अकरावर आले. म्हणजे वजन वाढले आणि लय गेली. रेखाटणारा माणूस असे करीत नाही. तो उभी दांडी जितकी वाढवतो तितकी शिरोरेषा वाढवत नाही, अक्षराची रुंदी वाढवून पोटातली पांढरी जागा राखतो, ‘भ’चा खंड मुद्दाम मोठा करतो, गाठ सैल करतो, गरज पडल्यास एकावर एक रचलेले जोडाक्षर मोडून आडवे मांडतो. ठळक अक्षर म्हणजे जाड केलेले साधे अक्षर नव्हे, ते त्याचे भावंड आहे. नाकडोळे त्याच घराण्याचे, पण जन्म स्वतंत्र.

खिळ्यांच्या काळात हे कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते, कारण शिशाचा खिळा फुगवता येत नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागरची ओतशाळा उभी केली, तेव्हा प्रत्येक आकाराच्या आणि प्रत्येक वजनाच्या अक्षरासाठी पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे, त्यावरून मातृका घ्यावी लागे आणि मग खिळे ओतावे लागत. छापखान्यात ठळक अक्षरांची पेटी नसेल, तर जुळारी ‘नाही’ असे स्पष्ट सांगत असे. शिशाच्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळात जोडाक्षरे तुटत, मात्रा झडत, आणि जुळाऱ्याच्या फुप्फुसांत शिसे जाई ते वेगळेच. पण त्या यंत्राला खोटे बोलता येत नव्हते, एवढा गुण त्याला द्यावाच लागेल.

हे शास्त्र साहित्याच्या अंगणाबाहेरचे आहे, असेही नाही. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्रणाक्षरांवरचा त्रिखंडी इंग्रजी ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला. म्हणजे राज्याच्या भाषाखात्याला तेव्हा हा विषय भाषेचाच वाटत होता. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी युनिकोडमधले पहिले मराठी अक्षर ज्या टंकात पाहिले, तो ‘मंगल’ र. कृ. जोशींच्या हातचा. मराठी कवितेच्या अभ्यासकांना ते कवी म्हणून ठाऊक आहेत. सुलेखन आणि अक्षररेखाटन हे त्यांच्या कवितेहून वेगळे प्रकरण नव्हते. हा टंक विंडोज २००० बरोबर आला, तेव्हा त्याला ठळक भावंड नव्हते. ते २००९ साली विंडोज ७ बरोबर मिळाले. मधल्या वर्षांत ‘मंगल’मध्ये ठळक केलेली प्रत्येक ओळ फुगवट्याची होती. मराठी डोळा फुगवट्याला सरावला तो याच काळात, असा आमचा तर्क आहे. सवय झालेली गोष्ट नंतर दोष वाटत नाही, शैली वाटू लागते.

त्याआधीच्या डीटीपीच्या काळात गोंधळ निराळा होता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रणालींत अक्षरांना दिलेले क्रमांक एकमेकांशी जुळत नव्हते. एका प्रणालीत जुळवलेल्या मजकुराचा मथळा ठळक दिसावा म्हणून दुसऱ्या प्रणालीचा टंक लावला, की पानावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. युनिकोडने ही आपत्ती टाळली. पण ठळकपणाचा प्रश्न सोडवला नाही, कारण तो युनिकोडच्या कक्षेतलाच नाही. युनिकोड ‘क’ कोणता ते सांगते. तो ‘क’ कसा दिसावा, हे टंकानेच सांगायचे असते.

मग खरे ठळक अक्षर वापरले का जात नाही? इथे आम्ही वादाच्या गाभ्याशी येतो. कारण तांत्रिक नाही, ते परवान्याचे आहे. आणि परवान्याकडे पाहण्याच्या आपल्या वृत्तीचे आहे.

टंक विकत घेणे म्हणजे त्याची मालकी घेणे नव्हे. वापरण्याची परवानगी घेणे. किती संगणकांवर, छापील कामासाठी की संकेतस्थळासाठी, ई-पुस्तकात अंतर्भूत करता येईल की नाही, अशा अटी त्या परवानगीत असतात. अंतर्भूत करण्याविषयीची नोंद तर टंकाच्या फाइलीतच असते. आता आपल्याकडचा व्यवहार पाहा. कुणाकडून तरी साध्या वजनाची फाइल येते. ती मित्राला, मित्राकडून मुद्रकाला, मुद्रकाकडून संपादकाला जाते. या प्रवासात ठळक वजनाची फाइल मागे राहते, कारण ती कुणी मागितलेलीच नसते. कुळ फुटते, एकटे साधे अक्षर फिरत राहते आणि जिथे जाईल तिथे फुगवले जाते. ई-पुस्तकात अंतर्भूत करण्याचा परवाना नसला की टंक गाळला जातो आणि वाचकाचे उपकरण हाती लागेल त्या अक्षरावर काम भागवते. संकेतस्थळ करणारा पान लवकर उघडावे म्हणून एकच वजन चढवतो आणि ठळक मजकूर न्याहाळकाच्या मर्जीवर सोडतो. फुगवटा हे चोरीचे आणि कंजुषीचे दृश्य रूप आहे, हे विधान कठोर वाटेल. पण आम्ही ते मागे घेणार नाही.

यातला उपरोध साहित्याच्या लोकांना तरी जाणवावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे संगणक-प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो. टंकाची फाइल हाही संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच आहे, म्हणून तिच्यासाठी संरक्षण मागायचे ते याच दाराने मागितले जाते. म्हणजे कायद्याच्या दारात कवी आणि अक्षर रेखाटणारा एकाच रांगेत उभे आहेत. आपल्या कवितेच्या दोन ओळी परवानगीवाचून छापल्या म्हणून संतापणारा कवी आपला संग्रह मात्र कुणाच्या तरी चोरलेल्या अक्षरांत निर्धास्तपणे छापतो. त्याच्या संग्रहात मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव असते, मुद्रकाचा पत्ता असतो. ज्या अक्षरांवाचून संग्रहच झाला नसता, ती रेखाटणाऱ्याचे नाव नसते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आता मुक्त परवान्याचे टंक ढिगाने मिळतात, मग पैशांची भाषा कशाला? हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक आहे. मुक्त टंकांनी फुगवट्याची सबब संपवली, हे खरे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ सात वजनांत आहे. ‘बलू’चे दुसरे रूप पाच वजनांत आहे. आयआयटी मुंबईत संस्कृतच्या अभ्यासकांनी सिद्ध केलेला ‘शोभिका’ साध्या आणि ठळक अशा दोन्ही वजनांत आहे. त्याच्या देवनागरीचा पाया राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’चा. सोळाशेहून अधिक देवनागरी आकार आणि अकराशेहून अधिक जोडाक्षरे त्यात आहेत. ही संख्या वाचून थोडे थांबावे. ठळक वजन म्हणजे यातला प्रत्येक आकार पुन्हा डोळ्यांखालून घालणे. संगणक दोन टोकांच्या वजनांमधली वजने काढून देतो, पण टोके माणसालाच रेखाटावी लागतात. वजन वाढवण्याला मर्यादा नाही, मर्यादा आळसाला आहे, हे पाहायचे तर ‘मोदक’ हा टंक पाहावा. सारंग कुलकर्णींच्या या टंकात पोटातली पांढरी जागा मुद्दाम बारीक फटींएवढीच राखली आहे, अक्षरे नावाप्रमाणेच गुबगुबीत आहेत, आणि तरी मथळ्याच्या आकारात ‘ब’ हा ‘ब’च राहतो. कारण ती फट कुणीतरी विचार करून कुठे ठेवायची ते ठरवली आहे.

पण मुक्त म्हणजे फुकट नव्हे आणि बेवारस तर नव्हेच. यांतले बहुतेक टंक ज्या मुक्त टंक परवान्याखाली येतात, त्यालाही अटी आहेत. टंक वापरा, बदला, वाटा; पण तो सुटा विकू नका, बदललेला टंक त्याच परवान्याखाली ठेवा आणि मूळ नाव राखीव असेल तर ते बदललेल्या टंकाला देऊ नका. आणि हे काम कुणाच्या तरी पैशाने, वेळेने झालेलेच असते. दुसरे असे की, पडद्यासाठी आणि मथळ्यांसाठी ठळक वजने विपुल झाली, तरी दीर्घ साहित्यिक मजकुराला शोभतील असे, जाडबारीक रेघांचे, मराठी वळणाचे आणि खरी ठळक भावंडे असलेले टंक अजून मोजकेच आहेत. ‘टीरो देवनागरी मराठी’ हा फियोना रॉस आणि जॉन हडसन यांचा सुरेख टंक मुक्त परवान्याने मिळतो. पण तो साध्या आणि तिरप्या रूपांतच आहे, ठळक रूप नाही. अशा टंकाचे ‘बी’ दाबणे म्हणजे त्याच्या कर्त्यांनी न लिहिलेले वाक्य त्यांच्या तोंडी घालणे. तिथे शीर्षक आकाराने मोठे करावे, भोवती जागा सोडावी. पण फुगवू नये.

वळणाचा मुद्दा निघालाच आहे, तर एक व्याधी इथेच नोंदवू. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली होती. अनेक टंकांत दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असेल तरच मराठी रूप उमटते. साध्या टंकाचे ठळक भावंड न मिळाल्याने मथळ्याला दुसऱ्या कुळाचा टंक लावला, की मजकुरात मराठी ‘ल’ आणि मथळ्यात हिंदी ‘ल’ असे पान तयार होते. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध असाच बांधून आला. प्रत्येक प्रकरणाचे शीर्षक एका वळणाचे, प्रकरण दुसऱ्या वळणाचे. आणि परीक्षकांपैकी एकालाही ते खटकले नाही. आम्हाला खेद शेवटच्या गोष्टीचा अधिक वाटतो.

तेव्हा तक्रार पुरे. उपाय सांगतो, आणि ते अवघड नाहीत. मजकूर ठळक करण्याआधी आपल्या टंकाला ठळक भावंड आहे का, ते टंकांच्या यादीत पाहावे. ‘भाव, धाव, शब्द, दोष, राष्ट्र, वाऱ्यावर’ एवढे शब्द साध्या आणि ठळक अशा दोन्ही अक्षरांत लिहून, मोठे करून शेजारी ठेवावेत. ठळक अक्षर रुंद झाले नसेल आणि पोट मात्र भरले असेल, तर तो फुगवटा समजावा. पीडीएफच्या गुणधर्मांत वापरलेल्या टंकांची यादी असते. पानावर ठळक ओळी आहेत आणि यादीत ठळक टंकाचे नाव नाही, तर मुद्रकाला जाब विचारावा. मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवावी. ‘बलू’, ‘मोदक’ यांसारख्या मुळातच भारी अक्षरांना पुन्हा ‘बी’ दाबू नये. परवाना वाचावा, तो कवितेपेक्षा सोपा असतो.

हे झाले व्यक्तीचे काम. संस्थांकडून आमची अपेक्षा याहून मोठी आहे. मराठी विभागांनी प्रबंधाच्या नियमांत समासाच्या मापाबरोबर टंकाचे नाव आणि त्याची खरी वजने यांचाही उल्लेख करावा. नियतकालिकांनी आणि प्रकाशकांनी श्रेयनामावलीत अक्षरे रेखाटणाऱ्याचे नाव छापावे. साहित्यसंस्थांनी आपल्या संमेलनांच्या मंडपखर्चातला एक लहानसा वाटा एका चांगल्या ग्रंथाक्षराच्या ठळक वजनासाठी काढावा. अनेकांनी मिळून काढला, तर कुणाच्याच खिशाला तोशीस पडणार नाही, आणि तयार झालेले अक्षर मुक्त परवान्याने सर्वांचे होईल. शासनाने करावे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण निर्णयसागरची अक्षरे कुणा खात्याने कोरली नव्हती. ज्यांना ग्रंथ छापायचे होते त्यांनीच ती कोरवून घेतली.

ठळक अक्षर म्हणजे लेखकाने किंवा संपादकाने वाचकाला दिलेला शब्द असतो, की इथे थांब, हे महत्त्वाचे आहे. ज्या ठिकाणी वाचकाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे आपण म्हणतो, नेमके तिथलेच अक्षर वाचेनासे करून ठेवायचे, हा व्यवहार साहित्याची चाड असलेल्यांनी आणखी किती दिवस चालवायचा?